चार पानांची शिफारस

१ मे १९८२

तालुक्याच्या कॉलेजांत घसा फोडून शिकवणाऱ्या तमाम प्राध्यापक बंधूंनो! तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे. वर्षभर मुलं टाळ्या वाजवतात आपल्या तासाला, आणि परीक्षा संपली की शिफारसपत्र मागायला उभी राहतात इंग्रजीवाल्याच्या दारात. का? तर पत्र इंग्रजीत लागतं! विचार आपले, तळमळ आपली, घसा आपला. आणि पत्राखाली सही त्याची! हा अन्याय किती दिवस सोसायचा?

डायरी लिहायला बसलो आणि भाषण झालं. हरकत नाही. बरं झालं.

सकाळी झेंडावंदनानंतर इंग्रजीच्या केशवरावांच्या घरावरून गेलो. मुद्दाम नाही. भाजी आणायची होती. साकोलीचा भाजीबाजार दुसऱ्या टोकाला आहे हे खरं, पण थोडं चालणं प्रकृतीला चांगलं. त्यांच्या दारात विद्यार्थ्यांच्या चपला पडल्या होत्या. मोजायला थांबलो नाही. दुसऱ्या फेरीत मोजल्या.

केशवरावांत आहे काय? आवाज एवढा बारीक की तिसऱ्या बाकाला पोचत नाही. म्हणे त्यांच्या तासाला वर्ग एकदम शांत असतो. असणारच. ऐकूच येत नाही तर कान टवकारावे लागतात. माझं राज्यशास्त्र रस्त्यावरच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जातं.

संकल्प: या उन्हाळ्यात साकोलीतून एक शिफारसपत्र माझ्या सहीचं जाईल, आणि त्याच्यापुढे केशवरावांची सगळी पत्रं फिकी पडतील.

४ मे

संकल्पाला चौथ्या दिवशी फळ! चंद्रकला आली. बी.ए. फायनलची, दिघोरीची. वडील मंगरू तिथल्या राईस मिलमध्ये कामाला. दिल्लीच्या एका मोठ्या विद्यापीठात एम.ए.साठी अर्ज करते आहे, स्कॉलरशिपसकट. अर्जाला दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. इंग्रजीत, बंद पाकिटात, प्राध्यापकानं स्वतः पोस्टानं पाठवायची. उमेदवारानं ती पाहायचीसुद्धा नाहीत. पाच जूनच्या आत दोन्ही पोचली नाहीत तर अर्ज बाद.

तिनं आणखी एक सांगितलं. आंधळगावचे पाहुणे तिला पाहून गेलेत. मुलगा एसटीत कंडक्टर. मंगरूचं म्हणणं, दिल्लीवाले हो म्हणतात तर मी पाहुण्यायले नाही म्हणतो. दिल्ली नाही म्हणते तर पाहुण्यायले हो म्हणतो. कोणाले तरी हो म्हणाच लागते.

मी म्हणालो, मुली, निश्चिंत जा. दुसरं पत्र कोणाचं? ती म्हणाली, केशवराव सरांचं. परवा सांगितलं अन् काल त्यांनी पोस्टात टाकलं बी.

म्हणजे मी दुसरा. मी सहज विचारलं, माझ्याकडे कशी आलीस? ती म्हणाली, सर, दोन लागतात ना.

मी हसलो. सौ. सत्यभामा पडद्याआडून पाहत होती. नंतर म्हणाली, दाढ दुखून राहिली का?

७ मे

पत्राला बसलो. इंग्रजीची अडचण मला नाही. कॉलेजच्या लायब्ररीतलं इंग्रजीचं अख्खं कपाट मी वाचलेलं आहे. काही पुस्तकांची एकमेकांना जोडून आलेली पानं तर मीच पहिल्यांदा फाडून मोकळी केली. प्रश्न एवढाच की सुरुवात कुणाला उद्देशून करावी. नुसतं ‘डिअर सर’ म्हणणं म्हणजे सभेत अध्यक्षांना ‘अहो’ म्हणणं. शेवटी अशी केली: ‘आदरणीय कुलगुरू, विद्वान सभासद आणि या राष्ट्राच्या भवितव्याची धुरा वाहणाऱ्या बंधुभगिनींनो’. पहिल्या परिच्छेदात ग्रीस. दुसऱ्यात फ्रेंच राज्यक्रांती.

सत्यभामेला इंग्रजी येत नाही, म्हणून मराठीत समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, पोरगी कुठी आहे याच्यात? मी म्हणालो, येईल, नवरदेव मांडवात शेवटीच येतो. ती म्हणाली, तंवर वऱ्हाडी जेवून निंगून जातीन.

चांगलं वाक्य आहे. भाषणात वापरण्याजोगं.

१० मे

केशवरावांकडे सौजन्यभेट. सहज विचारलं, चंद्रकलेच्या पत्राची कार्बन कॉपी आहे का, दोघांचे मुद्दे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. ते म्हणाले, ठेवत नाही, कॉन्फिडेन्शियल असतं. मात्र लांबी सांगितली. पाऊण पान.

पाऊण पान! मी तेव्हा तिसऱ्या पानाच्या मध्यावर होतो. चहा फार गोड लागला.

मी म्हणालो, एवढ्यात काय सांगून होतं? तर म्हणतात कसे, भोजराजभाऊ, इंग्रजी म्हणजे आपल्याला सोयऱ्याचं घर. जावं, निरोप सांगावा, चहा प्यावा, परत यावं. तिथं मांडी ठोकून बसलं की आपलीही पंचाईत अन् त्यांचीही. हा न्यूनगंड आहे. यावर एक सबंध व्याख्यान देता येईल. टिपून ठेवलं.

मी बसलो असताना एक बाई चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन आली. मुलाला नागपूरला ॲडमिशन मिळाली म्हणून. केशवरावांनी हात जोडून पिशवी परत केली. आमच्याकडे कोणी चिन्नोर आणत नाही, त्यामुळे परत करण्याचा मोठेपणाही मला मिळत नाही. ही आहे व्यवस्था!

१४ मे

पत्र पूर्ण. चार पानं, एका दमात वाचता येतील अशी. ऑफिसचे क्लार्क भैयाजी यांनी टाइप केलं. मध्येच मान वर करून विचारलं, सर, हे सभेचं आहे का कॉलेजचं? मी म्हणालो, इतिहासाचं आहे, हात चालवा. चौथ्या पानावर रिबिनीनं जीव सोडला. तिथली अक्षरं अंमळ फिकट आली. प्रत्येक पानावर कॉलेजचा गोल शिक्का मारून घेतला. भैयाजी म्हणाले, एकच पुरते, सर. पुरत असेल, पण शोभत नाही.

कार्बन लावला नाही. वाघ आपल्या डरकाळीची नक्कल काढून ठेवत नाही.

आता पाकिटात घालायचं, चिकटवायचं आणि पेटीत टाकायचं. इथं मात्र हात थांबला. एवढं पत्र वाचणार कोण? दिल्लीतली तीन-चार माणसं. तीही मनातल्या मनात. ग्रीसचा परिच्छेद मनात वाचण्याचा आहे का?

उद्या टाकतो.

१६ मे

मंगरू स्वतः आला. दिघोरीच्या युवक मंडळानं समाजमंदिरात चंद्रकलेचा सत्कार ठेवला आहे. दिल्लीला अर्ज करणारी गावातली ती पहिली. मला म्हणाला, सर, तुमी आलेच पायजे जी. तुमच्या बोलन्यानं मानूस बसल्याजागी सरसरते. केशवरावांनाही बोलावलं होतं; त्यांनी पेपर तपासायचे आहेत म्हणून हात जोडले. भित्रा माणूस.

पत्र खिशात ठेवलं. दिघोरीहून आल्यावर पोस्टात टाकीन. काय घाई आहे?

१८ मे

काय सांगू! काय ती सभा!

विषय स्त्रीशिक्षण होता. पण उभा राहिलो, समोर अख्खी दिघोरी बसलेली, आणि हात खिशाकडे गेला तो गेलाच. पत्र वाचलं. इंग्रजीतच, चारही पानं. टाचणी पडली तरी ऐकू आली असती. जिथं जिथं मी हात उंचावला तिथं तिथं टाळ्या पडल्या. मंगरूच्या डोळ्यांत पाणी. फ्रेंच राज्यक्रांतीला एक म्हातारा तर उठूनच उभा राहिला. (त्याची बैलं सुटली होती असं मागून कळलं. पण उभा राहिला तो बरोबर त्या वाक्याला.)

चंद्रकलेची आई पार्वताबाई पुढेच बसली होती. मध्येच म्हणाली, सर, पोरीचं नाव जरा मोठ्यानं घ्या न जी, मले त्याच्यातलं तेवढंच समजते. मी पानं चाळली. नाव चौथ्या पानावर निघालं, फिकट भागात. मोठ्यानं घेतलं.

आणि मग तो प्रकार झाला. आपल्याकडे सत्कारात स्टेजवरून जो कागद वाचला जातो तो मानपत्रच समजला जातो, आणि मानपत्र सत्कारमूर्तीच्या हातात पडल्याशिवाय कार्यक्रम पुरा होत नाही. शाल झाली, नारळ झाला, आणि संचालन करणाऱ्यानं माइकवर पुकारलं, आता प्राध्यापक साहेबांच्या शुभहस्ते मानपत्र प्रदान! फोटोवाला एका डोळ्यानं तयार. हात आपोआप पुढं गेला. चंद्रकलेनं पत्र घेतलं, पण हळूच म्हणाली, सर, हे तं पोस्टानं पाठवाचं होतं. मी ओठ न हलवता म्हणालो, चिंता करू नकोस, दुसरं लिहितो, याच्याहून भारी.

फोटो चांगला येईल. मान डावीकडे होती. ती माझी चांगली बाजू.

२२ मे

भैयाजींनी बातमी आणली. मंगरूनं साकोलीच्या काचवाल्याकडे येऊन पत्राला फ्रेम करून नेली. चारही पानं ओळीनं, एकाच काचेत, चारही शिक्क्यांसकट. घरात बाबासाहेबांच्या फोटोच्या शेजारी टांगली आहे. येणारा-जाणारा पाहून जातो.

केशवरावांचं एक तरी पत्र काचेत आहे का? एक?

अर्थात आता ते परत मागता येणार नाही. कोणत्या तोंडानं मागू?

२४ मे

चंद्रकला आली. सर, दुसरं लिहिलं का? मी म्हणालो, मनात तयार आहे, फक्त कागदावर उतरायचं आहे. ती म्हणाली, पोस्टाले चार-पाच दिवस लागतात, सर. मी म्हणालो, मला पोस्ट शिकवू नकोस. मग वाईट वाटलं आणि सत्यभामेला पन्हं द्यायला सांगितलं.

२५ मे

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस. डोक्याला ओला टॉवेल बांधून ग्रीससारखं काही सुचत नाही. ग्रीसमध्ये असलं ऊन नसावं.

२६ मे

रोमपासून सुरुवात केली. जमली नाही. रोमची सुरुवात ग्रीसपासून होते, आणि ग्रीस दिघोरीत काचेत आहे.

२७ मे

केशवराव रस्त्यात भेटले. विचारलं, पत्र गेलं का भाऊ? एवढंच विचारलं. पण कसं विचारलं! गोड बोलून. मी म्हणालो, चांगल्या गोष्टीला वेळ लागतो. म्हणाले, पत्र फक्त पोचलं पाहिजे. यावर मी संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात चारपाच उत्तरं तयार केली. प्रत्येक उत्तर सभा जिंकणारं. ऐकायला केशवराव नव्हते.

२९ मे

आंधळगावला एका लग्नात आशीर्वादपर दोन शब्द. दोन शब्द तासभर चालले. उतरल्यावर एक गृहस्थ भेटले, फेटा आणि पान. त्या कंडक्टर मुलाचे वडील निघाले! म्हणाले, सर, पोरीयच्या शिक्षनावर लय मस्त बोलले तुमी. बरं, मंगरूच्या पोरीचं दिल्लीचं काय झालं जी? नसन होत तं सांगजा. आमी तारीख धरून टाकतो, मांडववाला आगाऊ सांगा लागते.

मी छाती पुढे काढून म्हणालो, दिल्ली पक्की समजा.

येताना बसमध्ये लक्षात आलं की दिल्लीला पत्रच गेलेलं नाही. खिडकीतून गरम वारा येत होता. मी खिडकी लावली तरी येतच राहिला.

३१ मे

सकाळीच चंद्रकला येऊन ओसरीवर बसली. म्हणाली, सर, आज नाही गेलं तं पाच तारखेले पोचत नाही. तुमी लिहा. मी इथंच बसून राहतो. तिकडच्या पोरी ‘राहते’ म्हणत नाहीत, ‘राहतो’ म्हणतात. अन् ती खरंच बसून राहिली.

मी कागद घेतला. ‘आदरणीय कुलगुरू’ लिहिलं. पुढं दिघोरीची भिंत दिसायला लागली. सत्यभामेनं मुलीला चहा दिला, मला दिला नाही. बाहेर येऊन म्हणाली, घंटाभर झाला एका वळीवर. पोरीचं लगन लावता का आता? जा केशवराव सरायकडं. मी म्हणालो, जीव गेला तरी जाणार नाही. ती म्हणाली, जीव राहू द्या, चप्पल घाला.

गेलो. म्हणजे त्यांच्या घरी गेलो नाही. कॉलेजच्या ऑफिसात गेलो, तिथं केशवराव योगायोगानं होते. भैयाजी लग्नाला गेलेले. सोबत आलेल्या चंद्रकलेला केशवरावांनी बाहेर बाकावर बसवलं, कॉन्फिडेन्शियल म्हणून. टाइपरायटरवर स्वतः बसले. दोन बोटांनी टाइप करतात. मला म्हणाले, तुम्ही बोला भाऊ, मी इंग्रजी करून उतरवतो. बोलणं तुमचं, बोटं माझी.

मी उभा राहिलो. ‘आदरणीय’ म्हणालो. ते म्हणाले, ते नको. ती वर्गात काय करते ते सांगा.

ही माझी दुखरी जागा. मी म्हणालो, काय करते? व्यत्यय आणते! आणि मग जे तुंबलं होतं ते सगळं बाहेर पडलं. मालगुजारी, म्हणजे आपल्याकडची जमीनदारी, तिच्या निर्मूलनावर माझं व्याख्यान रंगात आलं होतं, बेड्या तुटण्याचा खणखणाट मी तोंडानं केला होता, वर्ग टाळ्यांच्या टोकाला आलेला; आणि ही उभी राहून विचारते, सर, मालगुजार गेला, तलाव सरकारचा झाला, मंग गाळ कोणाचा? टाळ्या जागच्या जागी मेल्या. मी सांगितलं, गाळ सिलॅबसमध्ये नाही. तर ही बया सुट्टीत दिघोरीच्या आसपासची गावं हिंडली. पूर्वी गाळ कोण काढत होतं, आता का निघत नाही, म्हाताऱ्यांना विचारत बसली. माझ्या सव्वीस जानेवारीच्या भाषणाला त्यामुळे गैरहजर! पुढच्या आठवड्यात येऊन माझ्याच तासात सांगायला लागली की दोन गावांत अजून पाळीनं गाळ काढतात, बाकीच्यांत सगळे सरकारची वाट पाहतात, आणि तलाव उथळ झाले म्हणून शेवटचं पाणी धानाला पुरत नाही. वर्ग तिचंच ऐकत बसला. घंटा झाली तरी उठेना! माझ्या तासाला घंटेच्या आधी चप्पल शोधतात. आणि तीन वर्षांत तिनं माझ्या एका वाक्याला टाळी वाजवलेली नाही. एका!

केशवराव खटखट करत होते. थांबले. पान काढलं. पाऊण पान भरलं होतं. म्हणाले, सही करा.

मी वाचलं. छोटी छोटी वाक्यं. सगळं मी बोललो तेच, टाळीचंसुद्धा. मी म्हणालो, केशवराव, ही शिफारस नाही, ही तक्रार आहे! ते म्हणाले, पोस्टाची थैली दुपारी जाते, भाऊ. मी रागानं सही केली. शिक्का एकच मारला, त्यांनी सांगितलं तिथं. पाकीट मीच पोस्टात नेलं. रजिस्टर्ड.

२ जून

मुलीचं वाटोळं झालं. तक्रारपत्रावर कोण प्रवेश देतं? दोष माझा नाही. टाइप कोणी केलं? मी नाही.

९ जून

आता कळतंय. केशवरावांनी डाव साधला. मुलगी दिल्लीत नापास झाली की लोक म्हणणार, भोजराजचं पत्र नडलं. काचेतलं पत्र गेलं असतं तर! दिल्ली हादरली असती.

आंधळगावच्या मांडववाल्याला विसार दिल्याचं ऐकतो. जेवण गेलं नाही. सत्यभामा म्हणाली, आता काहून उपाशी? मी सांगितलं नाही.

३ जुलै

आलं! दिल्लीहून पत्र आलं. प्रवेश आणि स्कॉलरशिप दोन्ही. मंगरूनं आंधळगावला हात जोडले. पाहुणे भली माणसं. म्हणाले, दिल्ली लागली तं आमचं काय चालते जी.

मी घरात दोन फेऱ्या मारल्या आणि सत्यभामेला मिठी मारणार होतो, पण ती डाळ धूत होती.

मग पुढचं कळलं. तिथल्या एका प्राध्यापकानं चंद्रकलेला वेगळी चिठ्ठी लिहिली आहे: तुझ्या शिक्षकांच्या पत्रातला गाळाचा प्रश्न आम्ही सगळ्यांनी वाचला, तोच इथं पुढं ने.

गाळाचा प्रश्न! म्हणजे माझं पत्र! माझं!

४ जुलै

चंद्रकला पेढे घेऊन सरळ केशवरावांकडे गेली आणि पाया पडली. केशवरावांनी तिला सांगितलं, पत्र माझं नव्हे, भोजराज सरांचं. खरं तेच सांगितलं. आणि लोकांनी काय केलं? म्हणाले, केवढा हा विनय! आता साकोलीत त्यांच्या विद्वत्तेबरोबर त्यांच्या विनयाचीही चर्चा आहे. खरं बोलूनही हा माणूस माझंच नेतो.

दुपारी आमच्याकडेही पेढे आले. मी आडून विचारलं, तो गाळाचा मजकूर कोणाचा असेल गं? चंद्रकला म्हणाली, केशवराव सरांचाच, सर. तुमचं पत्र मी दिघोरीत पूर्णच ऐकलं ना. त्याच्यात गाळ नव्हता. मी विचारलं, आणि एकतीस तारखेचं? तर म्हणते, त्या दिवशी तुमाले सुचत नव्हतं म्हणून त्यांनीच टाइप केलं ना, सर. बाहेर खटखट ऐकू येऊन राहिली होती.

आता सांगू काय? की मी तुझी तक्रार केली होती?

पेढा खाल्ला. साखर जास्त होती.

७ जुलै

मंगरू आला. रविवारी दिघोरीत केशवराव सरांचा जाहीर सत्कार. ते म्हणे येणारच नव्हते. गावानं गळ घातली तेव्हा एका अटीवर कबूल झाले, की ते स्वतः बोलणार नाहीत. म्हणून मुख्य भाषण माझं. मंगरू म्हणाला, सर, तुमच्यावानी बोलनारा जिल्ह्यात नाही जी. केशवराव सरायवर असं बोला का मानसं घरी गेल्यावर बी तेच बोलले पायजे.

नाही म्हणणार होतो. तोंडातून निघालं, किती वाजता?

१० जुलै

उद्याचं भाषण लिहून काढलं. ग्रीस नाही. रोमही नाही. वेळ गेला सगळा केशवरावांबद्दल खरं काय ते आठवण्यात: बारीक आवाज, दोन बोटं, परत केलेली तांदळाची पिशवी. लिहिता लिहिता पाऊण पानावरच संपलं. पुन्हा पुन्हा वाचलं. वाढवायला जागा सापडत नाही.

सत्यभामेला वाचून दाखवलं. तिनं न मागता चहा आणून ठेवला.

फक्त शेवट राहिला होता. सभेतून माणूस काही करायला निघाला पाहिजे, नाहीतर ते भाषण नव्हे, हा माझा जन्माचा सिद्धांत. दुसरं काही सुचेना, आणि जे सुचलं ते खरं होतं. लिहून टाकलं:

दिघोरीच्या मायबापांनो! पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या लेकराला पत्र लागलं, तर इकडेतिकडे कोणाच्या दारी उभं राहू नका. सरळ केशवराव सरांकडे जा!